शाळकरी ठेव्यासाठी आम्लरहित खोक्याचा संच: खोके पास, पाकिटे नापास

एकोणिसाव्या शतकातल्या कित्त्याच्या वह्या, बक्षीसपत्रे, दगडी पाटी, वर्गाचा फोटो असा घरातला ठेवा संग्रहालयाला देईपर्यंत ठेवण्यासाठी हा संच घेतला जातो. त्यात खोके, फोल्डर, पातळ कागद आणि पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे असतात.

खोके उत्तम. पुठ्ठ्यात लिग्निन (कागद पिवळा पाडणारा लाकडातला घटक) नाही आणि कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेले आहे, त्यामुळे कागदातून सुटणारे आम्ल शोषले जाते. वह्यांना याचीच गरज असते. त्या काळची शाई अनेकदा मायफळ (झाडावरची तुरट गाठ) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची. हिराकस जास्त पडला, की जाड रेघेखालचा कागद तपकिरी होतो, तडकतो आणि शेवटी अक्षराच्या आकाराचे भोक पडते. खोक्याने ही झीज मंदावते, थांबत नाही. अशी वही ओल्या फडक्याने कधीही पुसू नका. पाण्याबरोबर लोह आणि आम्ल कोऱ्या भागातही पसरते.

पाकिटे मात्र या कामाची नाहीत. पॉलिएस्टर घासले की स्थिर वीज तयार होते आणि पेन्सिलीची पूड, शाईचे सैल कण उचलले जातात. पाटीवर मूळ अक्षर उरले असेल तर त्याला काहीच टेकू देऊ नये. तिला आडवी, वेगळ्या उथळ खोक्यात ठेवा. वह्यांवर तिचे वजन नको. अंड्याच्या पांढऱ्याचा थर असलेल्या जुन्या फोटोंना संचातला कागदही चालत नाही, कार्बोनेट नसलेला उदासीन कागद वेगळा घ्यावा लागतो. वेष्टनावर ही सूचना हवी होती.

फोल्डर पुरेसे आहेत, पण भरताना पाने ‘नीट लावू’ नका. एकच ओळ वीसदा गिरवताना तळाशी बिघडत गेलेले अक्षर, गुरुजींची दुरुस्ती, मध्ये राहिलेला टीपकागद, यांतूनच वर्ग कसा चालायचा ते कळते. टीपकागद तर जपाच. आरशात धरला की त्यावर उलटा उमटलेला धडा कधीकधी वाचता येतो. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, पण कोणती पाने जोडलेली होती ते आधी टिपून.

खोके अर्धे रिकामे राहिले तर कागद वाकतात, म्हणून उरलेल्या जागेत आम्लरहित पुठ्ठा घडी करून घाला. वही कोणाची, दात्याशी नाते काय, शाळा कोणती, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. वहीवर चिकटपट्टी लावू नका.