एम-३ मतदान यंत्र: माणसाचं मत झाकतं, वस्तीचं उघडं पाडतं

मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर मतं साठवणारं कंट्रोल युनिट, आडोशामागे बटणांचं बॅलट युनिट आणि त्याला खेटून मताची चिठ्ठी छापून दाखवणारं व्हीव्हीपॅट. बॅटरीवर चालत असल्यामुळे वीज नसलेल्या पाड्यावरही अडत नाही.

यातली सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे चिन्हाचा रकाना. गडचिरोलीत मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली बोलणारे मतदार याच यंत्रावर येतात आणि ज्याला यातलं एकही अक्षर वाचता येत नाही, तोही कुणाला न विचारता मत देतो. अंध मतदारासाठी बटणांशेजारी ब्रेल अंक आहेत. बॅलट युनिटवर लावायच्या छापील पत्रिकेवर 2015 पासून उमेदवाराचा फोटो आला. 2025 च्या बिहार निवडणुकीपासून तो रंगीत आणि मोठा झाला. सारख्या नावांचे उमेदवार उभे करण्याच्या जुन्या डावावर हा उतारा आहे.

सारख्या चित्रांवर मात्र उतारा नाही. 2024 च्या लोकसभेला साताऱ्यात एका बाजूला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होता, दुसरीकडे एका अपक्षाला मिळालेली पिपाणी, आणि तिचंही मराठी नाव ‘तुतारी’च. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ घेऊन लढलेले शशिकांत शिंदे 32,771 मतांनी हरले. पिपाणीला 37,062 मतं पडली. ती सगळी चुकून पडली असं कुणी सिद्ध करू शकत नाही, पण निरक्षर मतदारासाठी केलेल्या रकान्यात असा घोळ होऊ देणं हा ढिसाळपणाच.

एका बॅलट युनिटवर 16 बटणं. नोटा धरून, म्हणजे सोळावा उमेदवार आला की दुसरं युनिट जोडावंच लागतं. एम-३ ला अशी 24 युनिटं जोडता येतात. आधीच्या एम-२ ला चारच. 2019 ला तेलंगणातल्या निजामाबादमध्ये हळद उत्पादक शेतकऱ्यांनी अर्ज भरून उमेदवार 185 वर नेले, तेव्हा 12 युनिटं मांडावी लागली.

बिघडतं ते बहुतेक व्हीव्हीपॅट. मागची खिट्टी आडवी असेल तर यंत्र प्रवासाच्या स्थितीत आहे. चालू करण्याआधी ती उभी करायची. आडोशावर थेट बल्ब किंवा खिडकीचं ऊन नको, आतला सेन्सर गोंधळतो. मे 2018 च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत यंत्रं बंद पडून 49 केंद्रांवर फेरमतदान झालं. निवडणूक आयोगाने दोष जास्त उजेडाला दिला. चिठ्ठी सात सेकंद दिसते, तेवढ्यात क्रमांक, नाव, चिन्ह तिन्ही बघून घ्यावं. दुसरी नेहमीची चूक माणसांची: मतदानाआधी दीड तास सुरू होणाऱ्या अभिरूप मतदानात (मॉक पोल) किमान 50 मतं टाकतात, ती ‘क्लिअर’ करायची राहतात आणि संध्याकाळी पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या 17-क नमुन्याशी आकडा जुळत नाही.

आता खरा दोष. तो बिघाडात मोडत नाही, कारण यंत्र ठरवल्याप्रमाणेच चालतं. मोजणी केंद्रागणिक होते, आणि कुठल्या केंद्रावर कुणाला किती हे सगळ्यांना कळतं. केंद्र म्हणजे हजार-दीड हजारांच्या आतले मतदार. गावाबाहेरची दलित वस्ती, मुस्लिम मोहल्ला, धनगरवाडा बहुधा एकाच केंद्रात येतो. कुण्या एकाचं मत कळत नाही, पण ‘ती वस्ती आपल्याला पडली नाही’ हे निकालाच्या दुपारीच कळतं. मग रस्ता कुठला आधी आणि टँकर कुठला उशिरा, हे वेगळं सांगावं लागत नाही. कागदी मतपत्रिका मोजण्याआधी अनेक केंद्रांच्या एकत्र मिसळता यायच्या; यंत्र आलं आणि ती सोय गेली.

यावर टोटलायझर नावाचं जोडयंत्र तयार आहे. 14 केंद्रांची कंट्रोल युनिटं जोडून फक्त एकत्रित बेरीज दाखवतं. निवडणूक आयोगाने 2008 ला ते सुचवलं, विधी आयोगाने 2015 च्या 255 व्या अहवालात उचलून धरलं, केंद्र सरकारने नको म्हटलं. बूथनिहाय आकडे पक्षांना हवेच असतात, त्यामुळे सरकार कुणाचंही असो, घाई कुणालाच नाही.