अडीचशेचा पिवळा मल्टिमीटर आणि माझी २००६ ची वॅगन आर

रिव्ह्यू मीटरचाच आहे, पण गाडीचं रामायण सांगितल्याशिवाय तो लिहिताच येणार नाही. ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, ५ पैकी ४. एक का कापला ते खाली येईलच.

वस्तू म्हणजे व्होल्टेज, रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) मोजायची, सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलेली, ८३० डी टाइपची पिवळी डबी, मधोमध मोठी गोल चकती आणि टोकाला टोचायचे प्रोब असलेल्या लाल-काळ्या दोन वायरी. पन्नास नावांनी मिळते, आतला माल साधारण तोच. मी नाशिकला इलेक्ट्रिकच्या दुकानातून २५० ला घेतला, सोबत आलेली ९ व्होल्टची बॅटरी दोन आठवड्यात बसली, नवीन टाकली, तेव्हापासून चालू आहे.

आता गाडी. आम्ही निफाडकडचे, थंडीचं वेगळं सांगायला नको, डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा बातम्यांत येतो ना, तो आमच्याच शिवारातला. तर गाडी दुपारी एका सेल्फला चालू, आणि सकाळी साडेसहाला पाच-सहा सेल्फ मारल्याशिवाय नाव नाही, चालू झाली तरी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की भप्प. दहा-पंधरा मिनिटं पायाने धरून ठेवली की मग शहाण्यासारखी वागणार. वडील म्हणाले चोक ओढ. त्यांच्या डोक्यात अजून कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे, तिला डॅशजवळ चोकचा नॉब होता, थंडीत तो ओढला की पेट्रोल जास्त आणि हवा कमी. मी हसलो त्यांच्यावर, पण खरं सांगायचं तर रोगाच्या सगळ्यात जवळ तेच गेले होते.

कारण एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत चोक नसतो म्हणजे चोकचं काम नसतं असं नाही, ते काम ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर करतो. इंजिन किती गार आहे हे त्याला कूलंटमधला (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यातला) एक छोटा सेन्सर सांगतो, गार असेल तर इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवायचे आणि रेस थोडी चढी ठेवायची. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे जो जे म्हणेल ते बदलत गेलो. आधी बॅटरी, साडेतीन हजार. मग चार स्पार्क प्लग. मग एका गॅरेजवाल्याने अ‍ॅक्सिलरेटरची केबल टाइट करून रेस वाढवून दिली आणि म्हणाला आता बंद पडणार नाही, आणि खरंच आठवडाभर पडली नाही, फक्त सिग्नलला उभी असताना ट्रॅक्टरसारखी घुमायची आणि पेट्रोल खायची. मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेलो तर न बघता फ्यूल पंपाचं एस्टिमेट हातात दिलं. मित्राने ईसीएममधला दोष वाचणारा ब्लूटूथवाला स्कॅनर आणला, तो माझ्या गाडीशी बोलायलाच तयार नाही. हे स्कॅनर ज्याच्याशी बोलतात ते ओबीडी-२ (गाडीची स्वतःचे दोष सांगायची ठरलेली पद्धत) आपल्याकडे सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून, त्याआधीच्या गाडीत हे सातशे-आठशेचे स्कॅनर चालतील याची काही गॅरंटी नसते, घेण्याआधी कुणाचा तरी मागून लावून बघा.

तेव्हा हा मीटर घेतला, रागाने घेतला म्हटलं तरी चालेल.

पहिल्या सकाळी चकती डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरी बघितली, १२.५. पोराला सेल्फ मारायला लावला, १०.६ च्या आसपास खाली आलं. नऊ-साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरीवर किंवा केबलवर संशय घ्यायचा, इथे तसं काही नव्हतं. गाडी चालू झाल्यावर १४.१, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर पण ठीक. अर्थिंग पण बघितलं, काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल इंजिनच्या धातूला आणि सेल्फ, ०.२ व्होल्टच्या आतच, म्हणजे तेही ठीक. म्हणजे रोग बॅटरीचा नव्हताच, साडेतीन हजारांची नवी टाकूनही तो तसाच होता. जुनी बॅटरी एक्सचेंजमध्ये गेली ना, आता कुणाला दाखवू.

पंपासाठी मीटर लागलाच नाही. चावी फिरवली की मागच्या सीटखालून दोन सेकंद झूंऽऽ आवाज येतो, तो येत होता. प्रेशर रात्रभरात उतरून जातं का हे बघायला सेल्फ न मारता चावी तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारायचा, फरक पडला तर पंपाच्या बाजूला शोधायचं. काडीचा फरक पडला नाही. एस्टिमेटचा कागद पोराला चित्रं काढायला दिला.

मग तो कूलंटचा सेन्सर. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व) ज्या डबीत बसतो तिच्याजवळ त्याचं दोन पिनचं कनेक्टर असतं, चावी बंद ठेवून ते काढलं, मीटर २० के ओहमवर, सेन्सरच्या दोन पिनांना दोन प्रोब. हा सेन्सर गार असताना रेझिस्टन्स जास्त दाखवतो आणि तापला की कमी, साधारण २० डिग्रीला दोन-अडीच किलोओहम आणि ८० डिग्रीला तीनशे ओहमच्या आसपास. त्या सकाळी बाहेर १२ डिग्री होतं, म्हणजे तीन किलोओहमच्या वर यायला पाहिजे. माझ्या मीटरवर आलं ०.३४, म्हणजे ३४० ओहम, तापलेल्या इंजिनाचा आकडा. परत लावून बघितलं, ०.३४. रात्रभर उघड्यावर उभी असलेली, बोनेटवर दव पडलेली गाडी ईसीएमला सांगतेय की मी तापून तयार आहे! मग तो बिचारा कशाला जादा पेट्रोल देईल.

कुणी म्हणेल की मग डॅशवरचा टेंपरेचरचा काटा कसा बरोबर दाखवत होता. जुन्या बऱ्याच गाड्यांत काट्याला तापमान कळवणारा सेन्सर वेगळा आणि ईसीएमचा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे काट्यावर विश्वास ठेवून बसू नका, मी बसलो होतो. वायरिंगची पण खात्री केली, काढलेल्या कनेक्टरमध्ये चावी ऑन करून ५ व्होल्ट येत होते, म्हणजे वायर शाबूत, दोष सेन्सरचाच.

नवीन सेन्सर ४२० ला मिळाला. यावेळी मात्र अक्कल आली होती, लावायच्या आधी घरीच तपासला. ओट्यावर चहाच्या पातेल्यात पाणी, सेन्सर दोऱ्याने लटकवलेला, पिना पाण्याच्या वर. गार पाण्यात २.२ किलोओहम, उकळायला लागल्यावर ०.१९ पर्यंत उतरला, मधे कुठे उडी नाही. बायकोने ते पातेलं आता गॅरेजचंच समजा म्हणून सांगितलंय. सेन्सर बदलताना इंजिन पूर्ण गार पाहिजे, थोडं कूलंट सांडतं ते परत भरायचं आणि हवा काढायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या सेल्फला चालू! मी दोनदा बंद करून परत चालू केली नुसती मजा म्हणून.

पण लगेच दुसरं प्रकरण निघालं. गाडी तापली तरी रेस उतरेना, कारण ती केबल टाइट केलेली. केबल सैल केली, हाताला किंचित ढिली लागेल इतपत, तर आता एसी लावला की इंजिन थरथरून बंद. आणि इथे मीटर हात वर करतो. एसीचा लोड आला की थ्रॉटलला (इंजिनच्या हवेच्या झडपेला) वळसा घालून जादा हवा सोडणारा जो आयडल व्हॉल्व असतो तो कार्बनने चिकटलेला होता, त्याची कॉइल मीटरवर एकदम निरोगी दिसत होती. थ्रॉटल बॉडी काढून क्लीनरने पुसली, कापड काळं कुळकुळीत, व्हॉल्वची वाट साफ केली, नवीन गॅस्केट टाकून बसवली. एक व्हॅक्यूमचा पाइप टोकाला चिरलेला सापडला, तो बारीक सूं आवाजावरून, म्हणजे कानाने. तर मीटरने सगळं केलं असं मी म्हणणार नाही, निम्मं काम त्याचं. केबल ओढून दिली होती त्यामुळे हा दुसरा दोष महिनाभर झाकला गेला याचा मला जास्त राग आहे.

आता कापलेला स्टार. एक तर आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, सेल्फ मारताना व्होल्टेज क्षणभर खोल जातं ते याला दिसत नाही, मी लिहिलेलं १०.६ पण अंदाजेच धरा. आपोआप बंद होत नाही, विसरलात तर सकाळी स्क्रीन कोरी. प्रोबच्या वायरी घोड्याच्या शेपटीच्या केसाएवढ्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते १० अँपिअरचं भोक, माझ्यात त्याला फ्यूजच नाही, लाल वायर त्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्टेज बघायला बॅटरीला लावलंत तर सरळ शॉर्ट. माझं एकदा झालं, ठिणगी उडाली, प्रोबचं टोक वितळलं, मीटर कसा वाचला देव जाणे. घरातल्या २३० व्होल्टला मी हा मुळीच लावत नाही, पाठीवर काहीही छापलेलं असो, त्यासाठी चांगला घ्या, गाडीच्या १२ व्होल्टला हा चालतो.

आणि घेताना क्रोकोडाइल क्लिपवाल्या वायरींचा जोड पण घ्या, पन्नास-साठला मिळतो. प्रोब धरायला दोन्ही हात जातात, मग सेल्फ मारायला दुसरा माणूस लागतो, आणि मी त्या थंडीत चार दिवस पोराला सहाला उठवत होतो, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.