इंटरस्टेलरची फोरके डिस्क: कृष्णविवराचा हिशोब चोख, मातीचा राहून गेला

इंटरस्टेलर ओटीटीवर सहज बघायला मिळतो, मग पैसे घालून फोरके डिस्क कशाला घ्यायची हा प्रश्न साहजिक आहे, तर त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. तिसऱ्या डिस्कसाठी. सेटमध्ये एक फोरके डिस्क आहे, एक साधी ब्लू-रे, आणि तिसरीवर नुसत्या मेकिंगच्या फिल्म्स. त्या नीट बसून बघितल्या की दिग्दर्शक नोलनचा हा २०१४ चा सिनेमा यंत्राकडे कुठल्या नजरेने बघतो आणि जमिनीकडे कुठल्या, हे जेवढं स्वच्छ कळतं तेवढं नुसता सिनेमा बघून कळत नाही.

आधी चित्र आणि आवाज. चित्र फार सुंदर आहे. आयमॅक्स कॅमेऱ्याने घेतलेले प्रसंग आले की वरखालच्या काळ्या पट्ट्या जातात आणि अख्खा टीव्ही भरतो, शनीजवळून जाणारं ते टिपक्याएवढं यान मोठ्या टीव्हीवर बघताना खरंच पोटात खड्डा पडतो. एचडीआर आहे, म्हणजे उजेड आणि अंधार दोन्ही जास्त ठसठशीत दिसतात, पण त्यातला डॉल्बी व्हिजन हा प्रकार नाही. आवाज डीटीएसचा ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, डोक्यावरूनही आवाज देणारा अॅटमॉस नाही, पण संगीतकार हान्स झिमरचं ऑर्गन बसल्या जागी छातीत घुमतं. ते लंडनच्या टेंपल चर्चमधलं खरं ऑर्गन आहे, तिथल्याच रॉजर सेयर यांनी वाजवलंय. फक्त ऑर्गन चढलं की माणसांचं बोलणं बुडतं, आणि हा डिस्कचा दोष नाही, नोलनने मुद्दाम तसंच मिक्स केलंय, त्यावरून २०१४ मध्येही लोकांनी बरीच तक्रार केली होती.

आता मुद्द्याचं.

गोष्ट अशी की पृथ्वीवरची पिकं एकेक करून मरतायत आणि माणसांसाठी दुसरं घर शोधायला नासा कूपर नावाच्या माणसाला अंतराळात पाठवते. सिनेमा सुरू होतो तेव्हा गहू संपलाय, भेंडी संपत आलीय आणि उरलाय फक्त मका. नाश्त्याच्या टेबलावर कूपरचा म्हातारा सासरा सांगतो की शेजाऱ्याने करपा पडलेलं सगळं पीक पेटवून दिलं, आणि म्हणे जगातली ही भेंडीची शेवटची तोडणी. हे वाक्य येतं आणि निघून जातं, कोणी मान वर करून बघतही नाही. आपल्याकडे ज्या घरात आठवड्यातून दोनदा भेंडी होते तिथल्या माणसाला हे वाक्य लागणारच, मला तर प्रत्येक वेळी लागतं. पण त्या टेबलावर त्याचं कोणाला काही वाटत नाही, कूपरला तर नाहीच, तो मुळात पायलट आणि इंजिनियर, परिस्थितीने शेतकरी झालेला.

लगेच पुढे ड्रोनचा प्रसंग आहे आणि तो या सिनेमातला माझा सगळ्यात आवडता. गाडीचं टायर फुटलंय, आणि डोक्यावरून इंडियन एअर फोर्सचं एक जुनं ड्रोन जातं, खालून हुकूम देणारं दिल्लीचं स्टेशन कधीच बंद पडलंय आणि हे सोलर सेलवर वर्षानुवर्षं एकटंच फिरतंय. कूपर तशाच पंक्चर गाडीने उभ्या मक्यातून त्याच्यामागे सुटतो, कणसं काचेवर आपटतायत, पोरगा स्टिअरिंगवर, पोरगी अँटेना धरून बसलेली. शेवटी लॅपटॉपवर बोट फिरवून ती दहा-बारा वर्षांची मर्फ ते अलगद खाली उतरवते, आणि मग म्हणते सोडून देऊया ना त्याला, ते कोणाला त्रास देत नव्हतं. बाप म्हणतो नाही, त्याचे सेल हार्वेस्टरला लावायचेत.

बघा म्हणजे, यंत्रासाठी जीव तुटतो. ज्या मक्यातून गाडी घातली तो देशात उरलेला शेवटचा खायचा माल, पण तो आडवा झाला त्याबद्दल कोणी हळहळत नाही. मर्फला त्या ड्रोनची दया येते आणि आपल्यालाही येते, नोलनने ते इतक्या मायेने शूट केलंय. तसंच शाळेत. मास्तर सांगतात तुमच्या पोराला कॉलेज नाही, तो चांगला शेतकरी होईल, जगाला शेतकऱ्यांची गरज आहे. कूपरला तो अपमान वाटतो आणि सिनेमा पूर्णपणे कूपरच्या बाजूने उभा राहतो. त्याच शाळेतल्या पुस्तकात चंद्रावर उतरणं खोटं होतं असं छापलंय, म्हणजे शेती करा म्हणणारे आणि विज्ञान नाकारणारे एकाच खोलीत बसवले, आणि ही जोडी मला साफ अन्यायाची वाटते. माझ्या माहितीतले शेतकरी ठिबकचा फिल्टर स्वतः खोलून धुतात, माती परीक्षणाचा रिपोर्ट काढतात, मोबाईलवर पावसाचा अंदाज बघितल्याशिवाय फवारणी करत नाहीत. शेती म्हणजे विज्ञान सोडून खाली येणं हे फक्त शहरातल्या माणसाला सुचू शकतं.

आता तिसरी डिस्क लावा. त्यावर इंटरस्टेलरच्या विज्ञानावर जवळजवळ पन्नास मिनिटांची फिल्म आहे, यानांवर वेगळी, टार्स या रोबोटवर वेगळी, आइसलँडच्या शूटिंगवर वेगळी, खिडकीबाहेर ग्रीन स्क्रीन न लावता खरोखर मोठ्या पडद्यावर आकाश कसं दाखवलं त्यावर वेगळी. सगळ्या भारी आहेत. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी समीकरणं लिहून दिली, त्यांना पुढे २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींसाठी नोबेल मिळालं, आणि त्या समीकरणांवरून कृष्णविवर उभं केलं, काही फ्रेम कॉम्प्युटरवर रेंडर व्हायला शंभर शंभर तास लागले, आणि त्यातून जे निघालं त्यावर २०१५ मध्ये शोधनिबंध छापून आला. सिनेमासाठी केलेल्या कामाने खऱ्या विज्ञानात भर घातली याचं मला आजही अपार कौतुक आहे.

आणि धुळीवरची फिल्म? जेमतेम अडीच-तीन मिनिटं. त्यात मोठमोठे पंखे लावून सेल्युलोजची बनवलेली धूळ कशी उडवली ते दाखवलंय. कूपरच्या शेतावर एक थोडी मोठी आहे, कॅनडातल्या अल्बर्टात या सिनेमासाठी ५०० एकर मका लावला त्याची, पीक चांगलं आलं आणि नोलननेच सांगितलंय की ते विकून फायदाही झाला. म्हणजे मका कसा उगवला ते कळतं, धूळ कशी उडवली ते कळतं, पण खरी धूळ का उडते हे संपूर्ण सेटमध्ये मला कुठे सापडलं नाही.

ते का महत्त्वाचं ते सांगते. सिनेमात सुरुवातीला म्हातारी माणसं कॅमेऱ्याकडे बघून जुन्या आठवणी सांगतात, ताटं पालथी घालून टेबल मांडायचो, नाहीतर जेवणाआधी त्यात धूळ साचायची वगैरे. त्यात एखादी अभिनेत्री सोडली तर बाकीची खरी माणसं आहेत, १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या मैदानात धुळीची वादळं सोसलेली, केन बर्न्सच्या माहितीपटातून घेतलेली. पण ती वादळं आभाळातून पडली नव्हती. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, कोलोरॅडो या पट्ट्यात मूळचं खोल मुळांचं गवत होतं ज्याने माती धरून ठेवली होती, पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, ट्रॅक्टर आले, लाखो एकर गवत नांगरून काढलं, मग भाव पडला आणि पाठोपाठ पाऊसही गेला. उघडी माती वाऱ्याने उचलली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तिथे काळा रविवार म्हणून ओळखला जातो. आणि त्यावर उपाय निघाला तो पण जमिनीवरच, ह्यू बेनेट नावाच्या माणसाने सरकारच्या मागे लागून मृदसंधारणाचं खातं उभं करायला लावलं, उताराला आडवी नांगरट सुरू झाली, आणि वारा अडवायला १९३४ ते १९४२ मध्ये सुमारे २२ कोटी झाडं लावली. आपल्याकडे ७२ च्या दुष्काळात बांधबंदिस्तीच्या आणि पाझर तलावांच्या कामावर ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सिनेमात मात्र नासाचा म्हातारा प्रोफेसर म्हणतो, आयर्लंडचा बटाटा गेला, डस्ट बोलमधला, म्हणजे त्याच धुळीच्या वादळांतला, गहू गेला, तसा मकाही जाणार. एका दमात. जणू हे सगळं निसर्गाने आपल्यावर उगवलेला सूड आहे. अहो आयर्लंडमध्ये १८४५ ला करपा आला हे खरं, पण गरिबाच्या शेतात बटाट्याचं एकच वाण होतं म्हणून सगळं एकदम गेलं, आणि लोक उपाशी मरत असताना तिथून धान्य बाहेर जात होतं. गहू तर करप्याने गेलाच नव्हता. आणि मक्याचं उदाहरण हवं असेल तर ते अमेरिकेतच आहे, १९७० मध्ये तिथे मक्यावर पानांचा करपा आला आणि देशातलं साधारण १५ टक्के पीक गेलं, कारण बियाणं कंपन्यांच्या सोयीसाठी बहुतेक संकरित मक्यात एकच टेक्सास प्रकारचं आईकडून येणारं पेशीद्रव्य होतं, आणि रोगाला नेमकं तेच फावलं. नोलनच्या फ्रेममध्ये क्षितिजापर्यंत एकसारखा मका उभा आहे. उत्तर डोळ्यासमोर आहे, एक पीक, एक वाण. पण त्या मक्याकडे बघून हा प्रश्न एकही शास्त्रज्ञ विचारत नाही, सगळे वर बघतायत.

कृष्णविवराच्या कडेला प्रकाश किती वाकेल याचा हिशोब मांडणारा सिनेमा करप्याच्या बाबतीत तो नायट्रोजनवर जगतो आणि म्हणून हवेतला ऑक्सिजन संपेल एवढं एका संवादात सांगून मोकळा होतो. आमचा सायफाय इथेच घसरतो, हा एकटा सिनेमा नाही, पण एवढ्या ताकदीचा सिनेमा घसरतो म्हणून जास्त बोचतं. प्रगती म्हणजे फक्त वर जाणं. माती म्हणजे जिथे अडकून पडलो ती जागा. पाण्याच्या ग्रहावर डोंगराएवढ्या लाटा, बर्फाच्या ग्रहावर गोठलेले ढग, निसर्ग म्हणजे अफाट आणि जीवघेणा काहीतरी, त्याच्यासोबत राहायचं कसं हा विषयच नाही.

यंत्रं मात्र काय सुंदर! टार्सला चेहरा नाही, हातपाय नाहीत, चार उभ्या पट्ट्या जोडलेला ठोकळा, आणि बिल अर्विन या कलाकाराने सेटवर तो जड ठोकळा स्वतः चालवलाय, त्यावरची फिल्म आवर्जून बघा. १९६८ च्या स्पेस ओडिसीतल्या हॅलपासून अंतराळातला बोलका कॉम्प्युटर म्हटलं की दगा देणार असं डोक्यात बसलेलं, इथे उलटं आहे, टार्सचं प्रामाणिकपणाचं सेटिंग ९० टक्के आहे आणि तो शेवटपर्यंत शब्दाला जागतो. खोटं बोलतात ती माणसं, प्रोफेसर बोलतो, बर्फाच्या ग्रहावरचा डॉक्टर मान नावाचा शास्त्रज्ञ बोलतो. यंत्राला दोष न देता माणसाला दोष देणं हे मला पटतं, फक्त तोच न्याय शेतालाही लावायला हवा होता.

एकच जागा अशी आहे जिथे सिनेमाला स्वतःलाच हे जाणवलंय असं वाटतं. रोमिली नावाचा शास्त्रज्ञ यानात अस्वस्थ आहे, पत्र्याच्या काही मिलिमीटर पलीकडे मैलोन्मैल काहीच नाही याने त्याचा जीव घाबरा होतो. कूपर त्याला आपले इअरफोन देतो. पुढचा शॉट बाहेरचा, शनीसमोर ते गोल यान हळूहळू फिरतंय आणि ऐकू येतोय पाऊस, ढगांचा गडगडाट, रातकिडे. एवढंच. फोरके डिस्कवर चांगल्या स्पीकरवर हा अर्धा मिनिट ऐका, पुढच्या उजव्या बाजूने थेंब येत असल्यासारखं वाटतं. सगळ्या सिनेमात जमिनीविषयी एवढी ओढ दुसऱ्या कुठल्याच प्रसंगात नाही.

शेवटी शनीजवळ फिरत्या सिलिंडरमध्ये वस्ती आहे, आत बेसबॉल, घरं, हिरवी शेतं, आणि कूपरचं जुनं घर म्युझियम करून ठेवलंय. बघणाऱ्याला एक साधा प्रश्न पडायला हवा की बंद सिलिंडरमध्ये करप्यापासून जपून पीक घेता येत असेल तर तसंच बंद शेत पृथ्वीवर का नाही जमलं, निदान बी वाचवण्यापुरतं. आपल्याकडे अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात मडक्यांमधून गावरान वाण जपले, त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला, आणि या सिनेमात अख्ख्या नासाकडे गोठवलेले मानवी भ्रूण आहेत पण भेंडीच्या बियांची कोणी आठवण काढत नाही.

तरीही मी हा सेट घ्या म्हणेन, अगदी मनापासून. ज्यांच्याकडे फोरके प्लेअर नाही त्यांनी साधी ब्लू-रे घेतली तरी चालेल, फक्त मेकिंगची डिस्क सोबत आहे ना ते बघून घ्या, कारण एका डिस्कचे स्वस्त सेटही मिळतात आणि त्यात बहुतेक वेळा ती नसते. घरात आठवी-नववीतली मुलं असतील तर आधी सिनेमा दाखवा, मग विज्ञानाची मोठी फिल्म आणि लगेच ती धुळीची छोटी, दोन्ही पाठोपाठ. आणि सबटायटल चालू ठेवा, नाहीतर प्रोफेसर मरताना काय सांगतो ते कळणार नाही आणि सगळी गोष्ट तिथेच आहे.