जॅम्युलस: लॉकडाऊनपासून वापरतेय, रिव्ह्यू आत्ता लिहितेय

जॅम्युलस म्हणजे आपापल्या घरी बसून इंटरनेटवरून एकत्र वाजवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, त्यामुळे पैसे पाण्यात गेले अशी तक्रार कोणी करू शकणार नाही, पण पहिला आठवडा नुसता सेटिंगमध्ये जातो हे आधीच सांगून ठेवते.

मी बास वाजवते. चौघांचा बँड, चौघंही क्वीअर. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा गिग गेले ते गेलेच, पण रिहर्सल रूम गेली ते जास्त लागलं, कारण मला माझ्या नावाने हाक मारणारे जगात तिघंच होते आणि ते त्याच खोलीत भेटायचे. घरी मी अजून जुन्याच नावाची, 'आलास का रे' वाली. लांब लांब उभं राहून तरी वाजवू असं एकदा ठरत होतं, तेवढ्यात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका कॉयरची, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांच्या गटाची, बातमी आली, एका संध्याकाळच्या प्रॅक्टिसला ६१ जण आणि त्यातले ५३ आजारी, दोघं गेले. आमची गाणारी म्हणाली मी नाही येणार. कोणी आग्रह केला नाही.

मग व्हिडिओ कॉलवर ट्राय केलं, ते करूच नका. ते बोलण्यासाठी बनवलेलं असतं, लांब धरलेली नोट त्याला पंख्याची घरघर वाटते आणि ते ती पुसून टाकतं, आणि दोघं एकदम वाजवायला लागले की एकाचा आवाज गायब.

जॅम्युलस (नाव जॅम आणि स्टिम्युलस जोडून केलंय) यात वेगळं काय करतं तर सगळ्यांचा आवाज एका सर्व्हरवर जातो, तिथे मिक्स होतो आणि प्रत्येकाला परत येतो, चित्र वगैरे काही नाही, फक्त आवाज, त्यामुळे उशीर कमी. कमी म्हणजे शून्य नाही हां. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३० मिलिसेकंद उशीर म्हणजे समोरचा १० मीटरवर उभा आहे असं समजायचं. मोठ्या स्टेजवर ड्रमर तेवढा लांब असतोच की. स्क्रीनवर डिलेचा एक छोटा दिवा आहे, हिरवा असला तर वाजवा, पिवळ्यात ओढाताण होते, लाल दिसला की चहाला उठा.

सगळ्यात विचित्र गोष्ट ही की स्वतःचा आवाज थेट ऐकायचा नाही, सर्व्हरवरून फिरून येतो तोच ऐकून वाजवायचं. बोट आधी पडतं आणि नोट मागून येते, जिन्यात एक पायरी कमी निघाल्यासारखं. मला चार दिवस लागले. ड्रमरला तीन आठवडे, आणि तो अजून मान्य करत नाही.

आता प्रोफाइल. तिथे नाव टाकायचं, वाद्य निवडायचं, आपली लेव्हल टाकायची. मी माझं नाव टाइप केलं आणि मिक्सरवर माझ्या फेडरखाली (आवाज कमीजास्त करायची पट्टी) ते उमटलं, बासच्या चिमुकल्या चित्रासकट. रिहर्सल रूममध्ये माझं नाव फक्त बोललं जायचं, लिहिलेलं मी तोवर कुठेच पाहिलं नव्हतं. पाच मिनिटं मी काही वाजवलंच नाही, बाकीच्यांना वाटलं केबल निघाली. पण एक सावधगिरी: पब्लिक सर्व्हरवर गेलात तर कोण कुठे बसलंय ती यादी कुणालाही दिसते, नावासकट. घरी लपवून असाल तर टोपणनाव टाका नाहीतर आपला खासगी सर्व्हर उभा करा. आम्ही दुसऱ्याच दिवशी केला.

केबलचं सांगते. वायफायवर हे नीट चालत नाही, तार लागतेच. राउटर बाहेरच्या खोलीत, म्हणजे तार माझ्या दारातून आत, म्हणजे दार लागत नाही. वर्षभर चार बोटांची फट. आणि माझ्या कानाला हेडफोन, त्यामुळे घरच्यांना ऐकू काय येणार तर बासच्या तारांची टकटक आणि माझं बोलणं, बस. आपल्या भाषेत तर तोंड उघडलं की क्रियापदच सगळं सांगून टाकतं. 'थांबा थांबा, मी चुकले' म्हणायची सोय नाही. मग मी 'आपण चुकलो' म्हणायला लागले, तर ड्रमर भडकला, म्हणे मी कुठे चुकलो?? शेवटी बोलायचं ते चॅटमध्ये. तरी एकदा सुटलंच तोंडातून, आणि जेवताना आई म्हणाली, "कोण चुकली रे?" मी म्हटलं, गाणारी. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी बघते तर ती तार बाहेरच्या खोलीपासून माझ्या दारापर्यंत जमिनीला चिकटपट्टीने नीट चिकटवलेली, एकदम सरळ. विचारलं तर म्हणे अडखळायला होतं.

बाकी तक्रारी: दिसायला एकदम जुनाट, विंडोजवर असिओ ड्रायव्हरची (आवाज कमी उशिराने आत-बाहेर नेणारं सॉफ्टवेअर) कटकट, ब्लूटूथ हेडफोन विसरा. आता रिहर्सल रूम परत आहे पण गाणारी दुसऱ्या शहरात गेली, त्यामुळे आठवड्यातून एकदा अजून यावरच. पाचपैकी चार देते, एक त्या पहिल्या आठवड्याचा कापला.

आणि हो, तार घेताना चपटी घ्या. ती दाराखालून जाते आणि दार पूर्ण लागतं. मला हे फार उशिरा कळलं.