इगतपुरी, रिसॉर्ट की कंपनीतलाच चहा?

सिन्नरला कारखान्यात प्रॉडक्शन बघणाऱ्या मित्राचा परवा फोन आला. "माणसं एकमेकांवर खेकसतायत रे. दोन चांगले सेटर सोडून गेले. मालक म्हणतात, एखादं ट्रेनिंग लाव. काय लावू?" (सेटर म्हणजे मशीन जुळवून देणारा कारागीर.)

नाशकात अशा माणसासमोर साधारण तीन वाटा असतात: रिसॉर्टवरचा एक दिवस, विपश्यनेचे, म्हणजे मौनातल्या ध्यानाच्या शिबिराचे, दहा दिवस, नाहीतर कंपनीतच दर पंधरवड्याला बसून बोलणं. नाशिकच्याच अंबडला कारखान्यात नोकरी करताना तिन्ही करून झाल्यात. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

रिसॉर्ट गंगापूर धरणाकडे किंवा त्र्यंबक रोडला. सकाळी मिसळ, मग फुगे फोडायचे खेळ, दुपारी पेंगत पेंगत प्रोजेक्टरवरची 'लीडरशिप', पाचला ग्रुप फोटो. एका फोनवर ठरतं, चाळीस माणसं एकदम जातात आणि नवे-जुने एकमेकांना नावानं ओळखायला लागतात. नवी भरती झाली असेल तर मी आजही हाच दिवस घेईन. पण भांडण मिटवायला नाही. आमच्याकडे एका सुपरवायझरनं डोळे बांधलेल्या ऑपरेटरला हात धरून लॉनभर फिरवलं, 'विश्वासाचा खेळ' म्हणून. सोमवारी त्याच ऑपरेटरची रजा त्यानं कारण न सांगता नाकारली. खेळ तिथंच संपला. खर्च मोजताना बस, जेवण, ट्रेनरचं मानधन एवढंच धरू नका, त्या दिवशी बंद राहिलेल्या मशीनही धरा.

विपश्यनेचं गणित उलटं आहे. पैसे जवळजवळ लागत नाहीत, दिवस लागतात. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र नाशिकपासून दीड तासाच्या आत, शिवाय सातपूरजवळ शिवाजीनगरला धम्म नासिका आहेच. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांनी घालून दिलेल्या पद्धतीत राहण्या-जेवणाची फी नसते. दान घेतात तेही कोर्स पूर्ण केलेल्यांकडूनच. दहा दिवसांचा कोर्स म्हणतात, पण आदला दिवस आणि अकराव्या दिवसाची सकाळ धरून रजा बारा दिवसांची टाका. पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बैठक, फोन जमा, वाचणं-लिहिणं बंद, दहाव्या दिवसापर्यंत मौन. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. मला तिसऱ्या दिवशी गुडघ्यांपेक्षा एक अडकलेलं डिस्पॅच जास्त छळत होतं. सातव्या दिवशी लक्षात आलं, की ते माझ्याविना निघालं असणार. निघालंही होतं.

परत आल्यावर माझा आवाज खाली आला, असं बायको म्हणाली, शॉपवरची पोरंही म्हणाली. तर ही वाट साहेबासाठी उत्तम. अख्ख्या टीमला मात्र हुकमानं पाठवू नका. लहान युनिटमधून एकाच वेळी चार माणसं बारा दिवस काढताही येत नाहीत, आणि 'कंपनीनं पाठवलंय' म्हणून बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी बॅग भरायच्या गोष्टी करतो. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी हा कोर्स करू नये असं केंद्रवालेच सांगतात, फॉर्ममध्ये तब्येतीची खरी माहिती विचारतात. ती लपवून कुणाला पुढे ढकलू नका.

(गेटजवळ सकाळचा अर्धा तास योगा हीसुद्धा एक वाट आहे. पाठीला बरी. पहिल्या पाळीवाले येतात, तिसऱ्या पाळीवाले घरी झोपायला पळतात.)

आता चहा. सुपरवायझर आणि एक ऑपरेटर, कॅन्टीनच्या कोपऱ्यात, पंधरा मिनिटं, पंधरवड्यातून एकदा. वही नाही, फॉर्म नाही. प्रश्न एकच: "कुठं अडतंय?" खर्च चहाचा. पहिले दोन महिने उत्तरही एकच मिळालं: "काही नाही साहेब, सगळं ओके." त्यात एका सुपरवायझरनं ऐकलेलं एचआरला जाऊन सांगितलं आणि अख्ख्या पाळीनं तोंड शिवलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग एक दिवस एक पोरगा मला लेथच्या मागं घेऊन गेला. तिथल्या गोणीत रिजेक्ट झालेले बुश, म्हणजे बिघडलेले छोटे सुटे भाग, लपवलेले. "फिक्श्चरची पिन झिजलीय. तीन आठवडे झाले. सांगितलं असतं तर माझ्याच नावावर पडलं असतं." फिक्श्चर म्हणजे मशीनवर भाग पकडून ठेवणारी चौकट. तिची पिन त्याच दुपारी बदलली. गोणीबद्दल त्याला कुणी बोललं नाही, आणि पुढचं सगळं त्या न बोलण्यावर उभं राहिलं.

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांत असंच दिसलं होतं: चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त, कारण तिथं चूक सांगायची भीती कमी. आमच्या कागदावरही त्या महिन्यात रिजेक्शन वाढलेलं दिसलं. मालकांना समजवायला मला एक अख्खी मीटिंग लागली.

ही वाट सगळ्यात हळू, आणि सुपरवायझरला ऐकायला शिकवल्याशिवाय चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही वरिष्ठांच्या प्रशिक्षणाची शिफारस आहे. म्हणजे ट्रेनिंगचं बजेट असेल तर ते चाळीस जणांवर पसरण्यापेक्षा चार सुपरवायझरांवर घाला. पण सुपरवायझरनं डॉक्टर व्हायचं नाही. झोप उडालेली, दारू वाढलेली, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणारा माणूस समोर आला तर त्याला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून द्यायचा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो.

तिन्हीच्या आधी पाळीचा तक्ता बघा. त्याच संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामानं माणूस पिचून जाण्याची, व्याख्या केली, ती नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणाची, माणसाच्या कमकुवतपणाची नाही. रात्री साडेअकराला सुटलेला माणूस सकाळी सातला पुन्हा मशीनवर उभा असेल, तर इगतपुरीही त्याचं काही करू शकत नाही.

मित्राला विचारलं, सेटर का गेले? म्हणाला, एचआरच्या फॉर्मवर 'वैयक्तिक कारण' आहे. दोघंही सिन्नरलाच आहेत, दोन गेट पलीकडच्या कंपनीत. शनिवारी तो त्यांना चहाला बोलावतोय. ट्रेनिंगचं कोटेशन तोवर मागवलेलं नाही.