सोमवारी एक अट, पुढच्या मंगळवारी दुसरीच

बेळगावच्या वडगावात आमचे चार माग आहेत. सूत आम्ही वर्षानुवर्षं ओळखीच्या दुकानातून उचलतो. दिवाळीआधी तिथं माल संपला आणि शेजारच्या मागवाल्यानं टेलिग्रामवर एका व्यापाऱ्याचा बॉट दाखवला. बटण दाबलं की दर, पुन्हा दाबलं की ऑर्डर, सगळं मराठीत. मला ते दुकानापेक्षाही नीटनेटकं वाटलं.

सोमवारी ऑर्डर दिली. अट स्पष्ट होती: आठ दिवसांत माल पोच, नाहीतर ॲडव्हान्स परत. मी वर लिहून विचारलंही, "पैसे परत मिळणार ना नक्की?" उत्तर आलं, "हो, शंभर टक्के." मग यूपीआयनं ३८,००० रुपये पाठवले.

पुढच्या मंगळवारीही माल नाही. दाखवायला म्हणून चॅट उघडलं, तर तिथं लिहिलेलं, "माल ४५ दिवसांत, ॲडव्हान्स परत मिळणार नाही." तारीख तीच सोमवारची, वेळही तीच. मजकूर बदलल्याची कसलीही खूण माझ्या फोनवर नव्हती. माझा प्रश्न नाही, त्याचं "हो"ही नाही. मीच वाचण्यात चुकलो असं मला वाटलं. बायको म्हणाली, चष्मा न लावता पैसे पाठवलात. घरात दोन दिवस भांडण झालं, आणि मी स्वतःवरच संशय घेत बसलो. पैशांपेक्षा याचा राग मला आजही जास्त आहे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. चॅट बघून म्हणाला, "मामा, तुमी चुकला नाहीसा. त्यानं मजकूर बदललाय." बॉट म्हणजे एक प्रोग्राम. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. चॅटचा क्रमांक आणि संदेशाचा क्रमांक जपून ठेवला की कोडच्या एका ओळीत बॉट आपला जुना संदेश बदलतो, दुसऱ्या ओळीत पुसतो. पुसायला साधारण ४८ तासांची मुदत असते, आणि एकट्याच्या चॅटमध्ये बॉट तुम्ही लिहिलेला संदेशही पुसू शकतो. तुमचे शब्द त्याला बदलता येत नाहीत, पण नाहीसे करता येतात. म्हणजे माझा प्रश्न पहिल्या दोन दिवसांतच गेला असणार. अटी मात्र त्याला सावकाश बदलता आल्या, कारण बॉटला स्वतःचा मजकूर बदलायला ती मुदत आडवी येत नाही. एरवी ही सोय चांगलीच आहे, ऑर्डर कुठवर आली ते त्याच संदेशात दिसत राहतं.

भाच्यानं तिथंच स्वतःचा बॉट केला. माझ्या फोनवर "२०० रुपये मिळाले" असं आलं आणि मी बघत असतानाच त्याचं "२० रुपये" झालं. माझे हात थरथरत होते.

एक पुरावा मात्र शाबूत राहिला. दर बरोबर आहे का विचारायला मी सोमवारीच दर आणि अटींचा तो संदेश खानापूरच्या भावाला फॉरवर्ड केला होता. फॉरवर्ड केलेली प्रत वेगळा संदेश असते, मूळ बदललं तरी ती बदलत नाही. भावाच्या फोनवर अजून "आठ दिवसांत" होतं. दोन्ही फोनचे फोटो शेजारी शेजारी ठेवले, बँकेकडचा १२ आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक घेतला, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, मग सायबर गुन्हे बघणाऱ्या सीईएन पोलीस ठाण्यात गेलो. अर्ज एका मित्रानं कन्नडमध्ये लिहून दिला. तक्रार घेतली, पण तोवर त्या खात्यातून पैसे पुढे गेले होते. संशय आला त्याच दिवशी १९३० लावायला हवा होता, भांडणात दोन दिवस गेले.

तुम्हीही असा सौदा करणार असाल तर पैसे पाठवण्याआधी दर आणि अटींचा संदेश घरच्या कुणाला तरी फॉरवर्ड करा, स्क्रीनशॉट घ्या. बिल मागा, त्यावरचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासा. तो बॉट आता दुसऱ्या नावानं फिरतोय असं शेजारी सांगतो. बटणं तीच, "आठ दिवसांत माल पोच" हीही अट तीच. शहापूर-वडगावच्या मागवाल्यांना तो परवा पुन्हा आला होता.