मुदत संपलेला फिजिकल थेरपी परवाना आणि ‘३० तासांचे संपूर्ण पॅकेज’

आईच्या आजारपणामुळे दीर्घकाळ पुण्यात राहिल्याने माझ्या कॅलिफोर्नियातील फिजिकल थेरपीच्या परवान्याची मुदत संपून जवळजवळ तीन वर्षे उलटली होती. परतल्यावर तो पुन्हा चालू करण्यासाठी मी एका ऑनलाइन अभ्यासक्रम कंपनीचे वार्षिक सभासदत्व घेतले. हे परीक्षण त्या सभासदत्वाचे आहे.

तेथील परवाना दर दोन वर्षांनी, परवानाधारकाच्या जन्ममहिन्याच्या अखेरच्या दिवशी संपतो. त्यानंतर पाच वर्षांच्या आत शुल्क, विलंबशुल्क आणि ३० तासांचे व्यावसायिक शिक्षण यांची पूर्तता केली, तर त्याचे नूतनीकरण होऊ शकते. पाच वर्षे उलटली की तो मार्ग बंद होतो आणि नव्याने अर्ज करावा लागतो. मधल्या काळात रुग्णांवर उपचार करणे तर सोडाच, नावापुढे ‘पीटी’ (फिजिकल थेरपिस्ट) लावणेही बेकायदा ठरते.

अभ्यासक्रमांचा दर्जा माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. विशेषतः चक्कर येणाऱ्या रुग्णाची तपासणी कशी करावी, हे प्रत्यक्ष चित्रफितींतून इतक्या बारकाईने दाखवले आहे की मधल्या खंडामुळे हातातून सुटलेले बरेच काही परत आले. गुडघेबदलानंतरच्या व्यायामांचा भाग मात्र जुना वाटला, आणि चाचण्यांतील प्रश्न तर व्याख्यान न ऐकताही सुटतील असे आहेत.

खरी तक्रार सभासदत्वाच्या जाहिरातीतील ‘३० तासांचे संपूर्ण पॅकेज’ यातल्या ‘संपूर्ण’ या शब्दाविषयी आहे. ३० तासांपैकी दोन तास नीती, कायदे व नियम यांचे आणि चार तास जीवरक्षक प्रशिक्षणाचे असावे लागतात. पहिले दोन तास पॅकेजमध्ये होते, पण बीएलएसचे (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजेच जीवरक्षक) प्रशिक्षण नव्हते. ते मला एका शनिवारी, पुतळ्याची छाती दाबत, वेगळे पैसे भरून पूर्ण करावे लागले. ग्राहकसेवेला विचारले असता दोन दिवसांनी जाहिरातीतलाच मजकूर उत्तरादाखल आला. प्रमाणपत्रे मात्र तत्काळ मिळतात आणि त्यांवर मान्यता देणाऱ्या संस्थेचे नाव असते. परवाना देणाऱ्या मंडळाने पडताळणीसाठी ती मागितली, तर हे उपयोगी पडते, म्हणून मी सर्व प्रती जपून ठेवल्या आहेत.

आणखी एक गोष्ट पैसे भरण्यापूर्वी पाहावी: परवाना आपोआप संपतो, पण हे सभासदत्व आपोआप पुढे चालू राहते, आणि ते थांबवण्याचे बटण शोधण्यात माझी अर्धी संध्याकाळ गेली. शिकवण्यासाठी पाचपैकी चार गुण, जाहिरातीसाठी एक.